भावाची नोकरी अकरा दिवसांत सुटली, आता त्याला घरीच बसू द्यायचं का?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"काकू, नमस्कार. माझं माहेर कराडजवळ, मी लग्न होऊन सांगलीत असते. धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला, तीन वेळा अ‍ॅडमिट करावं लागलं. गेली तीन वर्षं गोळ्या व्यवस्थित घेतोय, भास जवळजवळ नाहीत. मागच्या महिन्यात चुलत्यांच्या ओळखीने त्याला एमआयडीसीत एका कंपनीत लावला, पॅकिंगला, नाईट शिफ्ट. अकराव्या दिवशी सकाळी घरी आला आणि म्हणाला मला जमत नाही, परत आवाज यायला लागलेत. डॉक्टरांकडे नेलं, आठवडाभरात ठीक झाला. पण आता आई म्हणते कामाचं नावच काढू नका. आण्णा, म्हणजे वडील, म्हणतात आळशी आहे, अकरा वाजेपर्यंत लोळतो. आण्णा झेडपी शाळेतून रिटायर झालेत, तर काका म्हणतात याला कमवायला लावू नका, उद्या यालाच पेन्शन मिळणार आहे ती जाईल. एकजण म्हणाले लग्न लावून द्या, सुधारेल. काकू, त्या अकरा दिवसांचा पगार आला तेव्हा त्याने पैसे आईला दिले आणि पगाराची स्लिप कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली. मी पाहिली तेव्हा मला रडू आलं. घरातले पंखे, मिक्सर, शेजारच्यांच्या पाण्याच्या मोटारी तोच दुरुस्त करतो. त्याला काम करू द्यायचं का? आणि मालकाला आजाराबद्दल सांगायचं का?"

अगं, तू काकू म्हणालीस म्हणून मी सरळ अगंतुगंवरच येते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कपाटाच्या दारावरच आहे, त्याला काम हवंय आणि त्याने काम करावं असं मलाही मनापासून वाटतं. तुमचं चुकलं ते काम निवडण्यात. ती नोकरी कुणाच्या ओळखीने लागतेय एवढंच पाहिलं गेलं, त्याला आणि त्याच्या आजाराला कसली जमेल हे कुणी विचारलंच नाही.

नाईट शिफ्टचं आधी बोलूया, कारण तुझ्या घरात सगळे त्या अकरा दिवसांकडे बोट दाखवून म्हणताहेत की बघा, काम त्याला झेपत नाही. त्याच्या गोळ्या रात्रीच्या आहेत ना, तू चिठ्ठीचा फोटो पाठवलायस त्यात ओलान्झापिन रात्री जेवणानंतर लिहिलंय. या गोळीने झोप येते, म्हणून तर ती रात्री देतात. आता रात्री दहाला कामावर जाणारा माणूस काय करणार, गोळी घेतली तर मशीनवर डुलक्या येणार, नाही घेतली तर औषध चुकणार, आणि सकाळी येऊन घेतली तरी दिवसा घरात टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, येणारी जाणारी माणसं, यात झोप कुठून पुरी व्हायची. झोप मोडणं हे या आजारात पुन्हा त्रास सुरू व्हायचं एक मोठं कारण आहे, बायपोलर, म्हणजे मन टोकाचं चढतं-उतरतं त्या आजारवाल्यांना तर त्याहून जास्त. त्यामुळे अकराव्या दिवशी जे झालं त्यात नवल काही नाही. मला कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, की त्याने स्वतःहून येऊन सांगितलं आवाज परत येताहेत. नऊ वर्षांपूर्वी तो हे सांगू शकला असता का, तूच आठवून बघ. आजार ओळखता येणं, वेळेत बोलता येणं, आठवड्यात सावरणं, हे ज्याला जमतं तो माणूस कामाला तयार आहे असं मी म्हणेन, आई उलटं म्हणत असली तरी.

आता आण्णांचं "आळशी". हा शब्द घरात बंद करायला हवा आणि ते तुलाच करावं लागेल, आईला ते जमणार नाही. स्किझोफ्रेनियात भास आणि संशय हे दिसणारे भाग, ते गोळ्यांनी कमी होतात. पण एक दुसरा भाग असतो तो गोळ्यांनी फारसा हलत नाही, उत्साहच न वाटणं, कमी बोलणं, कपडे बदलायचाही कंटाळा, माणसांत न मिसळणं. शिवाय लक्ष टिकवणं, सांगितलेल्या चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, झटपट उत्तर देणं हे सगळं जड जातं. आण्णा शिक्षक होते, त्यांना सांग की वर्गात चष्म्याचा नंबर असलेल्या पोराला फळ्यावरचं दिसत नव्हतं तेव्हा तुम्ही त्याला पुढच्या बाकावर बसवलं असेल ना, तसंच हे. आणि ज्या घरात सतत टोमणे आणि रागराग असतो तिथे हा आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास सुरू केला त्याला साठ वर्षं होऊन गेली, नंतर बऱ्याच देशांत तेच दिसलं. त्यात टोमण्यांबरोबर अती काळजीही होती बरं का, म्हणजे आण्णांच्या ओरडण्याइतकाच आईचा तो पदराखाली झाकायचा स्वभावही त्याला जड जातो.

आणि अकरापर्यंत झोपतो त्याचं एक साधं कारण औषधाची गुंगीही असू शकतं. डॉक्टरांना विचारा, गोळी रात्री दहाऐवजी आठला दिली तर चालेल का, डोस बघायचा का. तुम्ही तुमच्या मनाने काही कमी करू नका, अर्धी गोळी तर मुळीच नको. पण डॉक्टरांसमोर नुसतं "बरं आहे" म्हणून परत येऊ नका, "त्याला सकाळी नऊला कामावर जायचंय, त्या हिशोबाने बघा" असं स्पष्ट सांगा. पोराला कामाला जायचंय असं पेशंटच्या घरचे सांगतच नाहीत, मग डॉक्टर तरी कशाच्या हिशोबाने गोळ्या बसवणार. वजन आणि शुगरपण तपासून घ्या, या गोळीने दोन्ही वाढतात.

माझं स्वतःचं सांगते, कारण हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला भाऊच म्हणायचो, त्याला १९८८ मध्ये हा आजार झाला. आमची आई तुझ्या आईसारखीच. त्याला बाहेर कुणी काही बोलेल, तो रस्ता चुकेल, कुणी फसवेल, म्हणून तिने त्याला जे घरात ठेवलं ते नऊ वर्षं. नऊ वर्षांत त्याला दूध आणायलासुद्धा पाठवलं नाही. त्याचं ताट वाढून यायचं, ताट उचललं जायचं. आई वाईट नव्हती गं, ती घाबरलेली होती. मधली अडीच वर्षं तेवढा तो एका केंद्रात दिवसभर जायचा, तिथे पाकिटं चिकटवायचा. मी दर दोन महिन्यांनी विचारायचे, आता याला बाहेर काम बघायचं का, आणि दर वेळी उत्तर एकच, अजून तयार नाही. कशासाठी तयार नाही ते कुणी सांगायचं नाही. पाकिटं चिकटवून चिकटवून माणूस पाकिटं चिकटवण्यात तयार होतो, दुसऱ्या कशात कसा होणार?

मग १९९७ मध्ये आमच्या पेठेत एक बाइंडर होते, त्यांच्याकडे मी जाऊन बोलले. दुपारी दोन तास, फर्म्यांना, म्हणजे पुस्तकाच्या छापलेल्या मोठ्या कागदांना, घड्या घालायच्या. पहिल्या आठवड्यात भाऊ दोनदा अर्ध्यातून उठून घरी आला. मालकांनी विचारलं का रे, तर म्हणाला मशीनच्या खडखडाटात मला माझं नाव ऐकू येतं. त्या माणसाने काय करावं, तर त्याचं बसकण उचलून मागच्या खोलीत ठेवलं, खिडकीपाशी, जिथे मशीनचा आवाज कमी येतो. झालं एवढंच. भाऊ तिथे चौदा वर्षं टिकला, दोन तासांचे पाच तास झाले, मधे एकदा अ‍ॅडमिट झाला तेव्हा मालकांनी जागा दीड महिना तशीच ठेवली. आजही पुस्तक हातात आलं की भाऊ आधी त्याची शिलाई बघतो.

त्या बाइंडरने जे केलं त्याला कायद्याच्या भाषेत रीझनेबल अकोमोडेशन म्हणतात, म्हणजे माणसाला काम जमावं म्हणून करून दिलेली वाजवी सोय, त्यांना तो शब्द माहीतही नव्हता. आणि पाकिटांऐवजी थेट खरी नोकरी, आधी कामावर लागा आणि कामातच शिका, मागे कुणीतरी आधाराला उभं, ही जी पद्धत आहे तिला इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट म्हणतात, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी ती १९९० च्या आसपास बसवली. यात कुणालाही "तू अजून तयार नाहीस" म्हणून मागे ठेवत नाहीत, ज्याला काम करायचंय त्याला घेतात, त्याच्या आवडीचं काम लगेच शोधायला लागतात, नोकरी शोधून देणारा माणूस डॉक्टरांच्या टीममध्येच बसतो, आणि मुख्य म्हणजे नोकरी लागल्यावर त्याचा हात सोडत नाहीत. २००७ मध्ये युरोपातल्या सहा शहरांतला मोठा अभ्यास लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात आला, गंभीर मानसिक आजाराची ३१२ माणसं, अर्ध्यांना ही पद्धत आणि अर्ध्यांना आधी ट्रेनिंग मग नोकरी ही जुनी पद्धत. दीड वर्षात पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांनी काम केलं, दुसऱ्यातल्या २८ टक्के. आणि आईला हे खास वाचून दाखव, परत अ‍ॅडमिट व्हावं लागलं ते पहिल्या गटात २० टक्के आणि दुसऱ्यात ३१. खऱ्या कामाला लावल्याने माणसं जास्त आजारी पडली नाहीत, कमीच पडली.

आपल्याकडे कराडला असा नोकरीचा माणूस ओपीडीत बसलेला मिळणार नाही, हे मला माहितीये. म्हणून ते काम तुला करायचंय, सांगलीत राहून जेवढं जमेल तेवढं. आता कसं ते सांगते.

पत्रात तू एक ओळ अगदी शेवटी घुसडलीस, की शेजारच्यांच्या मोटारी तो दुरुस्त करतो. अगं तीच तर खरी ओळ आहे! तुमच्या कृष्णाकाठी ऊस, प्रत्येकाच्या विहिरीवर नाहीतर नदीवर मोटार, व्होल्टेज कमीजास्त झालं की मोटार जळते, मग माणूस रिवाइंडिंगवाल्याकडे पळतो. मोटार रिवाइंडिंगचं काम जरा डोळ्यासमोर आण. जळालेली वायर काढायची, खाचा साफ करायच्या, इन्सुलेशन पेपर बसवायचा, मोजून वेढे घालून कॉइल करायची, खाचेत बसवायची, बांधायची, जोडण्या करायच्या, वॉर्निश, वाळवणं, टेस्टिंग. एका जागी बसून, एकामागे एक ठरलेल्या पायऱ्या, गिऱ्हाइकाशी फार बोलायचं नाही, आणि शेवटी मोटार फिरली की स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं की आपलं काम झालं. त्याला लक्ष टिकवायला त्रास होतो, तर वेढे मोजताना चुकतील अशी भीती वाटेल, पण वाइंडिंग मशीनला काउंटर असतो, आणि नसला तरी वहीत दर दहाला एक रेघ मारता येते. असल्या छोट्या सोयींनीच काम टिकतं. उन्हाळ्यात मात्र या धंद्यात गर्दी उसळते, पाणी कमी आणि मोटारी जास्त जळतात, तेव्हा मालक म्हणणार रात्री थांब. ते आधीच बोलून ठेवायचं, संध्याकाळी सहानंतर नाही, मार्च असो की मे.

हे मी सुचवतेय, पण ठरवू त्याला दे. कदाचित तो म्हणेल मला दुकान नको, मला रोपवाटिकेत काम हवंय, किंवा झेरॉक्सच्या दुकानात. मग ते. त्याच्या आवडीविरुद्धचं काम टिकत नाही, आपलंही टिकत नाही.

सुरुवात थोडक्या तासांनी करा, आठवड्यात चार दिवस, रोज तीन तास, सकाळी दहा ते एक. महिनाभर हेच, वाढवायची घाई नको. आणि पहिल्या दिवसापासून पैसे घ्यायचे, थोडे असू देत, पण फुकट नको. "त्याला गुंतवून ठेवा, पैशाचं राहू द्या" असं घरचे मालकाला म्हणतात ना, त्याने पोराची किंमत घरच्यांनीच शून्य करून ठेवलेली असते. त्याने ती स्लिप का चिकटवली असेल, विचार कर. बँकेत त्याच्या नावाचं खातं असेलच, पगार त्यात जाऊ दे, एटीएम कार्ड त्याच्याकडे राहू दे.

मालकाला सांगायचं का? हे आधी भावाला विचार, माहिती त्याची आहे. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, त्याला विचारल्याशिवाय डॉक्टर मालकाला फोनवर काही सांगू शकत नाहीत, आणि चुलत्यांनी परस्पर सांगणं तर अजिबात नको. माझं मत विचारशील तर छोट्या दुकानात आजाराचं नाव न सांगता गरज सांगावी. म्हणजे असं, "माझी कायमची ट्रीटमेंट चालू आहे, रात्रीची गोळी असते म्हणून मी रात्रपाळी करत नाही, एका वेळी एकच काम सांगा, महिन्यातून एक दिवस डॉक्टरांकडे जावं लागतं." हे वाक्य त्याने स्वतः म्हणावं, घरी तुझ्यासमोर दोन-चारदा म्हणून बघावं. नंतर ओळख झाल्यावर, विश्वास बसल्यावर, नाव सांगावंसं वाटलं तर सांगेल. आमच्या भाऊने तिसऱ्या वर्षी सांगितलं, मालक म्हणाले मला कधीच कळलं होतं. पण एक आहे, मशीनजवळ काम असेल आणि गोळीने गुंगी येत असेल तर तेवढं मालकापासून लपवू नका, बोटं जातात.

कायदा तुझ्या उपयोगाचा किती आहे तेही सांगून टाकते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात मानसिक आजार आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण, त्यातला १ टक्का मानसिक आजार, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसअ‍ॅबिलिटी आणि बहुविकलांग यांच्यात मिळून. त्यासाठी ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं, ते ऑनलाइन अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळतं, सोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. स्किझोफ्रेनियाचं मोजमाप आयडियाज नावाच्या मापाने करतात, स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, समजणं-बोलणं आणि काम, असे चार भाग आणि आजार किती वर्षांचा त्याचे वेगळे गुण. काम हा त्यातला एकच भाग आहे, तेव्हा काम करतो म्हणून सर्टिफिकेट आपोआप नाकारतील असं धरून बसू नका. जे आहे ते खरं सांगायचं, वाढवून नको आणि लाजेने कमी करूनही नको. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी सरकारी नोकरीत असताना आजार झालेला माणूस असेल तर त्यांनी कलम २० नीट वाचावं, दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही, जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच पगारात न्यावं लागतं. घाबरून राजीनामा लिहून देणारी माणसं मी पाहिलीयत, घरच्यांनीच लिहायला लावलेला. रिवाइंडिंगच्या दुकानात मात्र या कलमांचा आधार घेऊन भांडता येणार नाही, तिथे मालकाचा स्वभाव बघूनच दुकान निवडायचं. ओरडणारा मालक असेल तर पगार दुप्पट देत असला तरी नको.

पेन्शनचं काका म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. राज्याच्या पेन्शन नियमांत अशी सोय आहे की मानसिक आजारामुळे जो मुलगा स्वतःचं पोट भरू शकत नाही त्याला आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकतं. त्यासाठी आण्णा आहेत तोवरच त्याचं नाव, सर्टिफिकेट, सगळं पेन्शनच्या कागदांना जोडून घ्या, नंतर तू एकटी हेलपाटे मारत बसशील. आणि कमाई किती असली तर हक्कावर परिणाम होतो हे पंचायत समितीत किंवा कोषागारात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, काकांच्या तोंडी नियमावर जाऊ नका. पण हे सगळं करूनही मी म्हणेन, ३१ वर्षांच्या पोराला पुढची तीसेक वर्षं रिकामं बसवून ठेवायचं, का तर कधीतरी मिळणाऱ्या पेन्शनसाठी, हा सौदा मला पटत नाही. पेन्शन त्याच्या जेवणाची सोय करेल, सकाळी उठून कुठेतरी जायचंय ही गोष्ट पेन्शन देत नाही. हो, आणि कुणी निरामय विम्याचा फॉर्म भरून देतो म्हणालं असं तू लिहिलंयस, ती योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगांसाठी आहे, स्किझोफ्रेनियाला लागू नाही, पैसे देऊ नका.

लग्नाचं एवढंच, लग्न औषध नाही. ज्या दिवशी तो स्वतः म्हणेल आणि मुलीला सगळं उघड सांगून ती हो म्हणेल त्या दिवशी बघू.

कामाला लागण्याआधी एक कागद मात्र तयार करा, आणि तो त्याच्याच अक्षरात पाहिजे. मला त्रास व्हायला लागतो तेव्हा आधी काय होतं, झोप कमी होते का, अंघोळ टाळतो का, टीव्हीतले लोक माझ्याबद्दल बोलतात असं वाटतं का, चिडचिड होते का. यातल्या दोन गोष्टी सलग तीन दिवस दिसल्या तर काय करायचं, कुणाला फोन, डॉक्टरांचा नंबर, कामावर काय कळवायचं, किती दिवस रजा. त्याची एक प्रत तुझ्याकडे, एक कपाटात, स्लिपशेजारी. रात्री-अपरात्री डॉक्टर नाही मिळाले तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, फुकट आहे. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये आगाऊ सूचनापत्राचीही सोय आहे, म्हणजे बरा असताना त्याने लिहून ठेवायचं की पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे नको आणि माझ्या वतीने कुणी बोलायचं. तो तुझं नाव घालेल असं मला वाटतंय. आणि गोळ्यांचं, "आता कामाला लागलाय, बरा झाला, कशाला त्या गोळ्या" हे वाक्य तुझ्या घरात कुणीतरी सहा महिन्यांनी बोलणार, लिहून ठेव. त्याच्यासमोर बोलू देऊ नकोस.

तो पुन्हा आजारी पडणारच नाही असं मी सांगत नाही. पडू शकतो, हे दुकानही सुटू शकतं. मग दुसरं बघायचं. पहिलीच नोकरी टिकली अशी माणसं आपल्या घरात तरी किती आहेत?

तुझ्यासाठीही एक सांगते. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली, ते स्वतः या आजाराच्या घरातले होते. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींची. या मंडळींत पेशंट आणि केअरटेकर म्हणत नाहीत, शुभार्थी आणि शुभंकर म्हणतात. मी पहिल्यांदा अशा आधारगटात गेले तेव्हा एक आजोबा उठून म्हणाले मी शुभंकर, माझा मुलगा शुभार्थी, आणि मग त्यांनी मुलाच्या नोकरीचं सांगितलं. आजूबाजूला कुणी हळहळलं नाही, सगळे कामाचे प्रश्न विचारत होते, शिफ्ट कितीची, बस कुठली, गोळी कधी घेतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आमच्या घरातली गोष्ट साध्या आवाजात बोलता येते. आण्णांना घेऊन एकदा जाऊन ये, आईला नंतर. साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथल्या सोशल वर्करला भेटून विचार जवळपास असा गट आहे का, नसेल तर ओपीडीत बाहेर बाकावर बसलेल्या दोन घरांशी बोल, गट असाच सुरू होतो.

आता या रविवारी माहेरी जाशील तेव्हा आधी त्याला कपाटातल्या स्लिपबद्दल विचार. बाकी काही नको, फक्त विचार ती का ठेवलीस, आणि तो बोलेपर्यंत थांब, या आजारात उत्तर यायला वेळ लागतो, आपण मधेच बोलून टाकतो. मग विचार रिवाइंडिंगच्या दुकानात चौकशी करूया का. हो म्हणाला तर सोमवारी सकाळी दहाला जा. दुकानात तू आत यायचं की नाही हे त्याला ठरवू दे. नको म्हणाला तर समोरच्या टपरीवर चहा घेत बस, पण तो बाहेर आल्यावर दिसशील अशा जागी बस.